मध्यम आकाराची, दोन दारांची

इंजिन सुरू झालं की भावोजींना बोलता यायचं. एरवी नाही. दिवसभर ते स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीच्या केंद्राच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसून असायचे. बायको कोण, मेहुणा कोण, जेवण झालंय की व्हायचंय, कशाचाच पत्ता नाही. पण रोज चारच्या सुमारास ताईची करड्या रंगाची गाडी आवारात शिरायची, सिस्टर त्यांना धरून आणून शेजारच्या सीटवर बसवायची, ताई किल्ली फिरवायची आणि या माणसाची जीभ सुटायची.

"नमस्कार मॅडम," ते म्हणायचे. "ही आमची मध्यम आकाराची, दोन दारांची कूपे. इंजिन दोन हजार चारशे सीसी, चार सिलिंडर, एकशे सत्तावन्न अश्वशक्ती. लांबी पावणेपाच मीटर, म्हणजे रुबाब मोठ्या गाडीचा, पण वळायला जागा लागते लहान गाडीएवढीच. मागे तीन माणसं बसतात असं पुस्तिकेत छापलंय. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, दोनच बसतात, आणि तीही एकमेकांवर प्रेम असेल तर."

इथे ते थांबायचे, गिऱ्हाइकाला हसायला वेळ द्यायचे. ताई हसायची.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं, हिला क्लच नाही. चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. डावा पाय घरी ठेवून आलात तरी चालेल."

"आणलाय मी तो," ताई म्हणायची, "पण त्याचा काही उपयोग नाही."

मग भावोजी तिच्या पायाकडे बघायचे, लहानपणीच्या तापात वाळून गेलेल्या त्या डाव्या पायाकडे, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचे. रोज. एकोणीस वर्षांपूर्वी शोरूममध्ये ते याच वाक्याला असेच ओशाळले होते. त्या दिवशी ताईबरोबर तिचा धाकटा भाऊ होता. गाडी पारखून घ्यायला आलेला हा भाऊ तेव्हा मागच्या सीटवर गुडघे कानाला लावून बसला होता, म्हणून त्याला ते सगळं शब्द न् शब्द आठवत होतं. विक्रेत्याची बोबडी वळली, त्याने चार वेळा माफी मागितली, गाडी दोन चकरा जास्त फिरवून आणली आणि आठ महिन्यांनी तो त्याचा भावोजी झाला. घरात दोनच माणसं, गाडीला दोनच दारं. मूलबाळ झालं नाही. "मागची सीट कोरीच राहिली," असं ताई एकदा म्हणाली होती.

धाकट्या भावाला सगळे मिस्त्री म्हणायचे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हाच त्याचा धंदा आणि त्यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. शहरातले बाकीचे मेकॅनिक ऑटोमॅटिक म्हटलं की कानाला खडा लावायचे आणि गाडी त्याच्याकडे पाठवून द्यायचे. माणूस स्वभावाने तिरसट. गिऱ्हाईक फार बोलायला लागलं की रेडिओचा आवाज वाढवायचा. पण ताईच्या गाडीचा विषय निघाला की लोण्यासारखा मऊ.

त्या गाडीत काय होतं ते त्याला पक्कं माहीत होतं. ऑटोमॅटिक गाड्या दुसऱ्याही होत्या, पण त्यांना चार दारं. चार दारांच्या गाडीचं पुढचं दार आखूड असतं. ताईला आधी पाठमोरी बसावं लागायचं, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घ्यावा लागायचा आणि शेवटी दोन्ही कुबड्या सीटच्या मागे सरकवाव्या लागायच्या. आखूड दारात हे सगळं करताना तिचं डोकं आपटायचं, पाय अडकायचा आणि कोणीतरी "थांबा, मी हात देतो" म्हणत धावून यायचं. ते तिला विषासारखं वाटायचं. कूपेचं दार हातभर जास्त लांब. एकोणीस वर्षांत या गाडीत चढता-उतरताना तिने कोणाचाही हात घेतला नव्हता, नवऱ्याचासुद्धा नाही.

तेव्हा ही गाडी रस्त्यात कधी बंद पडता कामा नये, हा मिस्त्रीचा नेम होता. नेमानेच घात केला.

गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल त्याचा एक नियम होता आणि तो नियम तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. तेल वेळच्या वेळी बदललं असेल तर पुढेही बदलत राहा. पण वर्षानुवर्षं बदललंच नसेल, तर आता हात लावू नका. आतल्या चकत्या झिजलेल्या असतात, त्यांचा भुगा तेलात मिसळलेला असतो, आणि त्या भुग्याच्या चिकटपणावरच त्या चकत्या एकमेकींना कशाबशा धरून असतात. घाण काढून स्वच्छ तेल ओतलंत की त्या घसरायला लागतात आणि पंधरा दिवसांत गिअरबॉक्स संपतो. "जुन्या गिअरबॉक्सचं तेल आणि जुन्या संसारातली भांडणं उपसायला जाऊ नये," तो म्हणायचा. गिऱ्हाइकं हसायची आणि गाडी जशीच्या तशी परत न्यायची.

दुसऱ्याची गाडी असली की तो कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसे. तपासणीचा बोल्ट सैल करून तेलाचे चार थेंब पांढऱ्या कागदावर घ्यायचा, उजेडात धरायचा, वास घ्यायचा, मगच काय ते ठरवायचा. यंदा ताईची गाडी सर्व्हिसिंगला आली आणि त्याने बॉनेट उघडलं, तर आतल्या बाजूला त्याचाच स्टिकर होता: गिअरबॉक्सचं तेल बदललं, अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर, खाली तारीख. सहा वर्षांपूर्वीची. गाडी आता सव्वा लाखाला आली होती, म्हणजे पुन्हा बदलायची वेळ झालीच होती. स्वतःच्या अक्षराखाली पांढरा कागद कोण धरतो? त्याने गाडी लिफ्टवर चढवली आणि खालचा मोठा बोल्ट काढला.

तेल आलं ते काळंकुट्ट. जळक्या वासाचं, सहा वर्षांचं नव्हे, सगळ्या एकोणीस वर्षांचं. मिस्त्री पाना हातात धरून तसाच उभा राहिला आणि तेल धो धो करत खालच्या परातीत पडत राहिलं. त्या परातीत सकाळच्या दोन गाड्यांचं इंजिन ऑइल आधीपासून होतं. परत भरायचं म्हटलं तरी आता ते वेगळं होणार नव्हतं.

मग त्याला आठवलं.

त्याची एक सवय होती. स्टिकर तो आधी लिहायचा. काम झाल्यावर हात बरबटलेले असतात, पेन निसटतं, अक्षर फिसकटतं, आणि त्याला नीटनेटक्या अक्षराचं वेड. म्हणून सकाळी स्वच्छ हातांनी स्टिकर लिहायचा, चिकटवायचा आणि मग कामाला लागायचा. तीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं, कारण स्टिकर लावला आणि काम केलं नाही असं कधी झालंच नव्हतं. फक्त त्या एका दिवशी झालं होतं. स्टिकर लावून, गाडी वर चढवून तो पाना शोधत होता तेवढ्यात ताईचा फोन आला. "धाकट्या, हे एका गिऱ्हाइकाला चक्कर मारायला घेऊन गेले होते. गिऱ्हाईक बसने परत आलं. हे आलेच नाहीत."

त्याने गाडी तशीच खाली घेतली आणि तीच घेऊन निघाला. भावोजी सापडले ते शहराबाहेरच्या एका पेट्रोल पंपामागे. शोरूमची नवी कोरी गाडी उभी करून ते पंपावाल्याला शोरूमचा पत्ता विचारत होते, आणि तो पत्ता छापलेली पन्नास कार्डं त्यांच्या खिशात होती. त्यानंतर दवाखाने, तपासण्या, नोकरी सुटणं, किल्ल्या लपवून ठेवणं. तेलाची आठवण कोणाला राहणार? स्टिकर मात्र बॉनेटखाली राहिला, मोत्यासारख्या अक्षरात खोटं बोलत.

मिस्त्रीने परात बाजूला सारली आणि उत्तम प्रतीचं नवं तेल भरलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी ताई गाडी न्यायला आली, नेहमीसारखी बसली, पाय उचलून आत घेतला, कुबड्या मागे सरकवल्या.

"काय रे, चेहरा असा का? झालं ना सगळं?"

"झालं," तो म्हणाला. पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं. "ताई, जरा हळू चालव" एवढंच बाहेर पडलं.

"मी कधी पळवते?" ती म्हणाली आणि गेली. सांगायची ती पहिली वेळ हुकली.

पुढचे नऊ दिवस त्याचं कशात लक्ष लागेना. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचा. रोज साडेचारला त्याच्या डोळ्यांसमोर केंद्राचं आवार यायचं. बोलणं संपलं की भावोजी म्हणायचे, "चालवून बघू या का, मॅडम?" ताई गिअरची दांडी डी वर आणायची, ब्रेक सोडायची आणि इमारतीभोवती दोन चकरा मारायची. मागच्या सरळ पट्ट्यावर गाडी जरा वेग घ्यायची, पहिल्यातून दुसऱ्यात जायची, आणि नेमक्या त्या क्षणी भावोजी बोट वर करायचे. "गिअर बदलला. कळलं का, मॅडम?" "नाही कळलं," ताई म्हणायची. "तेच तर, मॅडम," ते म्हणायचे, "तेच तर." त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा तो दिवसातून तेवढाच एकदा. सिस्टर म्हणायची की त्यानंतर ते नीट जेवतात, बिनबोभाट झोपतात. बाकी औषधांनी काय फरक पडतो ते औषधांनाच माहीत.

दहाव्या दिवशी, चार वाजायच्या आधी, फोन आला. "धाकट्या, चढावर आहे मी. गाडी नुसती ओरडते आहे, पुढे जात नाहीये."

त्याने गाडी ओढून आणली, गिअरबॉक्स उतरवला, बाकावर घेऊन उघडला. चकत्यांवरचं अस्तर गेलं होतंच, ते नवं लावून घेता आलं असतं. पण ते गेल्यावर उघडं पोलाद पोलादावर घासत राहिलं होतं आणि चकत्या ज्या पिंपात बसतात त्या पिंपाच्या भिंती कापल्या गेल्या होत्या. ते पिंप बाजारात मिळणं शक्य नव्हतं. या मॉडेलचं उत्पादन बंद होऊन चौदा वर्षं झाली होती. तरी त्याने सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन केला. तीस वर्षांची ओळख. दुकानदार आधी हसला, मग त्याचा आवाज ऐकून त्याने भागाचा नंबर लिहून घेतला, आणि चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"मिस्त्री, सगळी भंगारं पालथी घातली. तुम्ही मला सशाची शिंगं आणायला सांगताय. पण खरं सांगा, हा गिअरबॉक्स गेला कसा? तुमच्या हाताखालची गाडी ना?"

"जुनी झाली होती," मिस्त्री म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची? गाडी त्याच्या हाताखालची, अक्षर त्याचं, पाना त्याचा.

ताई भाड्याच्या गाडीने केंद्रात जायला लागली. दारापाशी ड्रायव्हर हात द्यायचा आणि ती तो दातओठ खाऊन घ्यायची. भावोजी चार वाजता खुर्चीवरून उठायचे, व्हरांड्याच्या पायरीपर्यंत यायचे, आवाराकडे बघत उभे राहायचे. ताई समोर येऊन उभी राहिली तर तिच्या खांद्यावरून पलीकडे बघायचे. अर्ध्या तासाने सिस्टर त्यांना परत बसवायची. पाचव्या दिवसापासून त्यांनी घास गिळायचं सोडलं. तोंडात धरून ठेवायचे; पोटात जायची ती पातळ पेज तेवढी.

मिस्त्रीने ओळखीतून चार दारांची एक ऑटोमॅटिक गाडी आणली, तशीच करड्या रंगाची. ताईने त्या आखूड दारातून कसाबसा पाय आत घेतला, गुडघा खरचटला. भावोजींना शेजारी बसवलं, किल्ली फिरवली. इंजिन इतकं हळू आवाजाचं की सुरू झालेलंही कळेना. भावोजी मांडीवर हात ठेवून बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागच्या दारांकडे त्यांनी एकदा मान वळवून पाहिलं, बस्स. संपलं.

"आपल्या गाडीचं इंजिन चालतं का?" त्या दिवशी परत येताना ताईने विचारलं.

"इंजिनाला काय धाड भरलीय? पण गिअरबॉक्स बसवल्याशिवाय ते सुरूही करता येणार नाही."

"मग तो बसव."

"ताई, तो आतून गेलाय. गाडी हलणार नाही."

"न हलू दे. त्यांना बोलू तर दे."

त्याला नाही म्हणवेना. मेलेला गिअरबॉक्स त्याने तीन दिवस खपून पुन्हा जोडला, एक एक बोल्ट ठरलेल्या मापाने आवळला, जणू त्याचा काही उपयोग होणार होता. पण ताई नुसत्या बोलण्यावर थांबणार नाही हे त्याला ठाऊक होतं. बोलण्याच्या शेवटी "चालवून बघू या का" येणारच होतं. म्हणून त्याने सगळं ठरवून ठेवलं. ट्रकवर घालून गाडी केंद्रात न्यायची, आवाराच्या मागच्या सरळ पट्ट्यावर उभी करायची. तो पट्टा किंचित उताराचा आहे. दांडी एन वर, म्हणजे चाकं मोकळी. आपण, ट्रकचा ड्रायव्हर आणि वॉचमन, तिघांनी मागून ढकलायचं. इंजिनाचा आवाज आहेच. ताईने अॅक्सिलरेटर थोडा दाबायचा आणि थोडा सोडायचा.

"तू दांडी डी वर नेल्याचं नुसतं नाटक कर," त्याने तिला सांगितलं. "त्यांना काय कळणार आहे?"

ताई म्हणाली, "तुला वाटतं कळणार नाही?"

"नाही कळणार," तो म्हणाला. नवऱ्याला बायको कळत नाही, तर गिअर काय कळणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची त्याला लाज वाटली.

गाडी उतरवली तेव्हा स्वच्छ ऊन होतं. ताई बसली, पाय आत घेतला, कुबड्या मागे सरकवल्या. पंचवीस दिवसांनी ती त्या सीटवर बसत होती आणि तिचे खांदे एकदम सैल झाले. सिस्टरने भावोजींना आणलं. ते किती वाळले होते ते उन्हात दिसलं. सीटचा पट्टा दोन बोटं जास्त ओढावा लागला. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. मिस्त्री मागच्या चाकापाशी उभा राहिला, तिथून त्याला आतलं सगळं ऐकू येत होतं.

ताईने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

मिस्त्रीने मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं. मग आतून घसा साफ केल्याचा आवाज आला.

"नमस्कार मॅडम. ही आमची मध्यम आकाराची, दोन दारांची कूपे."

सिस्टरने तोंडावर हात धरला. वॉचमनने उगाच टोपी काढली आणि परत घातली. भावोजींचा आवाज बारीक झाला होता, मध्ये मध्ये दम लागत होता, पण एक शब्द चुकला नाही. सिलिंडर, अश्वशक्ती, लांबी. पुस्तिकेत तीन छापलंय, मी खोटं सांगणार नाही. ताई हसली, जिथे हसायचं तिथेच. डावा पाय घरी ठेवून आलात तरी चालेल. आणलाय मी तो, पण त्याचा काही उपयोग नाही. भावोजी लाल झाले. मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, कारण आता दोन्ही हात डिकीवर टेकवायची वेळ आली होती.

"चालवून बघू या का, मॅडम?"

"बघू या," ताई म्हणाली.

तिने दांडी खालीवर केली आणि ब्रेक सोडला. तिघांनी जोर लावला. गाडी हलली. आधी इंच इंच, मग उतार लागला तशी चालायच्या वेगाने. ताईने अॅक्सिलरेटर दाबला, इंजिन गुरगुरलं. मिस्त्री वाकून ढकलत होता, बूट खडीवर सरकत होते, आणि आयुष्यात कधी दिले नव्हते असे कान देऊन तो खिडकीतल्या एका वाक्याची वाट बघत होता. सरळ पट्टा अर्धा संपला. पाऊण संपला.

भावोजींचं बोट वर आलं नाही.

त्यांनी मान थोडी तिरकी केली होती. ऐकत होते. सव्वीस वर्षं ज्या माणसाने हजारो गिऱ्हाइकांना तो एक न कळणारा बदल दाखवला, त्याला तो झालाच नाही हे कळत होतं. मग त्यांनी बाहेरच्या आरशात पाहिलं. आरशात मिस्त्रीला त्यांचे डोळे दिसले आणि त्यांना मिस्त्री दिसला असणार, घामाघूम, लाल चेहऱ्याचा, गाडीला रेटत असलेला.

"गाडी थांबवा, मॅडम," भावोजी म्हणाले.

ताईने ब्रेक दाबला.

"ही गाडी तुम्ही घेऊ नका."

"का?" तिने विचारलं. तिचा आवाज सरळ होता.

"हिला मागून माणसं ढकलतायत." त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून, आणि आवाज खाली आणला. "मी इथे नोकरीला आहे, मला असं बोलता येत नाही. पण तुम्ही भल्या दिसता. तुमची फसवणूक होईल. तुम्ही दुसरीकडे बघा."

"मला हीच हवी आहे."

"ऐका माझं," ते म्हणाले. "दुसरीकडे बघा."

मग त्यांनी सीटचा पट्टा सोडला. गेलं वर्षभर त्यांना तो सोडता येत नव्हता. ते लांब दार उघडून खाली उतरले, गिऱ्हाइकाची रजा घेताना मान झुकवायचे तशी मान झुकवली आणि व्हरांड्याकडे चालायला लागले. सिस्टर मागून धावली. मिस्त्रीजवळून जाताना ते एक क्षण थांबले. ओळख नव्हतीच, पण राग होता, साधा, सरळ राग.

"लाज वाटत नाही?" ते म्हणाले. "बाईमाणसाला फसवता?"

ट्रकचा ड्रायव्हर पुढे जाऊन उगाच दोर गुंडाळायला लागला. वॉचमन फाटकाकडे गेला. मिस्त्री डिकीवर हात ठेवून उभा राहिला. मग तो ताईच्या खिडकीपाशी आला. पस्तीस दिवस आतल्या आत कुजत होतं ते आता अडवण्यात अर्थ नव्हता.

"ताई, गाडी जुनी झाली म्हणून नाही गेली. मी घालवली." आणि त्याने सगळं सांगितलं. स्टिकर, काळं तेल, परात, नियम. आधी लिहिण्याची सवय. कागदावर चार थेंब घेतले असते तर पाच मिनिटं लागली असती, हेही सांगितलं.

ताई समोर काचेतून बघत होती. "तारीख काय आहे त्यावर?"

त्याने सांगितली.

"म्हणजे मी फोन केला तो दिवस."

"हो."

"बरं," ती म्हणाली. माफ केलं म्हणाली नाही, रागावलीही नाही. तिच्याकडे आता कशासाठीच काही उरलं नव्हतं आणि ते त्याला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. व्हरांड्यात भावोजी खुर्चीवर बसले होते. तोंड भिंतीकडे होतं. इंजिन चालूच होतं, इतक्या अंतरावरून तिथे नक्की ऐकू जात होतं. दोघांनी वाट बघितली. त्यांनी मान वळवली नाही.

मिस्त्रीने किल्ली बंद करायला खिडकीतून हात आत घातला. ताईने तो मनगटाशी धरला.

"राहू दे चालू. पेट्रोल आहे तोवर राहू दे."

मग तिने मनगट सोडलं. दार उघडलं, लांब दार, पुरतं उघडलं, पाय बाहेर काढायला वाकली, आणि तशीच बसून राहिली. कुबड्या मागे होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"धाकट्या," ती म्हणाली, "मला उतरव."